शेड विकली त्यातलं काय?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रभाग बनवणाऱ्या एका युनिटमध्ये मी एकोणीस वर्षे हिशेब सांभाळले. २०२२ साली मालकांनी ते युनिट विकले. त्यांची दोन्ही मुले परदेशात स्थायिक झाली होती, त्यांनी स्वतः सत्तरी ओलांडली होती, आणि चांगला घेणारा मिळाल्यावर त्यांनी व्यवहार केला, यात मला आजही काही गैर वाटत नाही. सेहेचाळीस कायम कामगारांचे अंतिम हिशेब करण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यातला एक मला अजून तोंडपाठ आहे. लेथवर तेवीस वर्षे काढलेल्या एका मामांचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये होत होते. महिना सव्वीस दिवसांचा धरून पंधरा दिवसांचे १०,५०० रुपये, त्याला तेवीस वर्षांनी गुणून ग्रॅच्युइटी झाली २,४१,५०० रुपये. मामांनी धनादेशाला घडी पडू नये म्हणून तो पिशवीत डब्याच्या खाली सपाट ठेवला आणि मला विचारले, "मॅडम, हे माझ्या नोकरीचे झाले. शेड विकली त्यातलं काय?"

कायद्याने उत्तर सरळ होते की त्यातले काहीच नाही. मी ते त्यांना सांगितलेही. परंतु त्या रात्री घरी बसून मी कागदावर एक वेगळा हिशेब मांडला. सारी देणी वजा जाता विक्रीतून मालकांच्या हाती सुमारे चौदा कोटी रुपये आले होते. कंपनीचे दहा टक्के भाग (शेअर) जर कामगारांच्या न्यासाकडे (ट्रस्टकडे) असते, तर न्यासाला एक कोटी चाळीस लाख मिळाले असते आणि सेहेचाळीस जणांत समान वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन लाखांहून अधिक आले असते. सेवेच्या वर्षांप्रमाणे वाटप केले असते, तर मामांचा वाटा त्याहूनही मोठा झाला असता. म्हणजे तेवीस वर्षांच्या नोकरीची जी पुंजी त्यांनी डब्याखाली ठेवली होती, ती दुपटीपेक्षा जास्त झाली असती, आणि मालकांकडे तरीही बारा कोटी साठ लाख राहिले असते.

पगार, बोनस, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. ते हक्क संघर्षातून मिळालेले आहेत. मात्र ते सारे वेतनाच्या प्रमाणात मोजले जातात. धंद्याची किंमत वाढते ती वेगळ्याच गतीने. ग्राहक वर्षानुवर्षे टिकतो, परत आलेल्या मालाचे प्रमाण घटते, नव्या मशीनवर हात बसतो आणि या सगळ्याचे मोल अखेर भागभांडवलाच्या किमतीत जमा होते. ती किंमत वाढवणारे हात आणि ती मिळवणारे हात वेगळे राहतात, तोवर कामगाराच्या घरात संपत्ती साठणे कठीण आहे. मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी पीएफमधून उचल घेतल्यानंतर खाली किती उरते, हे मी शेकडो अर्जांवर पाहिले आहे.

पुण्यात या विषयाचे एक रूप लोकांना चांगले ठाऊक आहे. इन्फोसिसची सुरुवात १९८१ मध्ये याच शहरात झाली, आणि पुढे नव्वदच्या दशकात त्या कंपनीने कर्मचाऱ्यांना भाग देण्याची योजना आणल्यावर मध्यमवर्गीय घरांत 'ईसॉप' हा शब्द रुळला. आज आयटी कंपन्यांच्या हिंजवडीत नोकरीच्या प्रस्तावपत्रात तो पगाराच्या शेजारी छापलेला असतो. चाकण, भोसरी, रांजणगाव या कारखान्यांच्या पट्ट्यात मात्र दिवाळीच्या बोनसापलीकडे बोलणे जात नाही. यामागे केवळ अनास्था नाही. कंपनी कायद्याखालील नियमांत भाग मिळण्यास पात्र कर्मचारी म्हणजे कायम कर्मचारी, असे धरलेले आहे. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलेला मनुष्य त्याच मशीनवर दहा वर्षे उभा असला तरी त्या व्याख्येत बसत नाही. ज्या पट्ट्यात मोठी संख्याच कंत्राटी आहे, तिथे ही अट म्हणजे बंद दारच आहे.

हिंजवडीतही सारे सुरळीत असते असे नाही. माझ्या भाच्याकडे एका नव्या कंपनीचे २,००० पर्याय (ऑप्शन) होते, म्हणजे प्रत्येकी १० रुपयांना तितके भाग घेण्याचा हक्क. त्याने नोकरी सोडली तेव्हा कंपनीच्या मूल्यांकनानुसार भागाची किंमत ४०० रुपये होती आणि निर्णयाला नव्वद दिवसांची मुदत होती. भागांचे २०,००० रुपये भरणे त्याला जड नव्हते. पण मधला फरक ७,८०,००० रुपये हा त्याचा पगार समजून त्यावर तीस टक्के कर आणि उपकर धरता २,४३,३६० रुपये भरावे लागणार होते, आणि तेही असे भाग हाती घेऊन, ज्यांची बाजारात नोंदणी नव्हती आणि ज्यांना ग्राहक नव्हता. कर पुढे ढकलण्याची सवलत २०२० पासून आहे, परंतु ती ठरावीक प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपपुरती आहे, आणि नोकरी सोडताच तीही संपते. भाच्याने ते पर्याय सोडून दिले. चार वर्षे ज्या आकड्यावर त्याने घराचे बेत केले होते, तो आकडा एका ईमेलने शून्य झाला. म्हणून माझे ठाम मत असे आहे की, भाग कोणत्या दराने, कोण आणि केव्हा परत विकत घेणार हे लिहिलेले नसेल, तर त्या मालकीला संपत्ती म्हणू नये.

ही बाब मोंद्रागोनच्या सहकारी संस्थांनी फार आधी ओळखली. स्पेनच्या बास्क प्रांतात १९५६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थांमध्ये प्रत्येक सभासद कामगाराचे स्वतंत्र भांडवली खाते असते. नफ्यातील वाटा त्या खात्यावर चढतो, निवृत्तीच्या वेळी रक्कम हाती येते आणि ग्राहक शोधावा लागत नाही. अमेरिकेत वकील लुई केल्सो यांनी त्याच सुमारास वेगळी वाट काढली: न्यासाने कर्ज काढून निवृत्त होणाऱ्या मालकाचे भाग घ्यावेत, कंपनीने नफ्यातून ते कर्ज फेडावे आणि जसजसे फिटेल तसतसे भाग कामगारांच्या नावे चढावेत. १९७४ च्या कायद्याने त्याला पक्का आधार मिळाला. कामगाराच्या खिशातून यात काही जात नाही, आणि नोंदणी नसलेल्या कंपनीला निवृत्त कामगाराचे भाग परत घ्यावेच लागतात. आमचे मालक ज्या वळणावर उभे होते, नेमक्या त्या वळणासाठी ही रचना आहे. मुले धंद्यात येणार नाहीत अशी कितीतरी युनिट्स भोसरीत आणि पिंपरी-चिंचवड परिसरात आहेत. आपल्याकडे अशा विक्रीला ना करात सवलत आहे, ना सहज कर्ज मिळते.

सहकाराची भूमी असलेल्या महाराष्ट्राने हा प्रश्न सोडवला असेल, असे कोणालाही वाटेल. प्रवरेचा कारखाना १९५० मध्ये उभा राहिला, त्यामागे विठ्ठलराव विखे पाटील आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. परंतु तिथे सभासद झाला तो ऊस उत्पादक. कारखान्यात बॉयलरपाशी उभा राहणारा आणि फडात कोयता चालवणारा मालक झाला नाही. कष्टकऱ्यांच्या हाती मालकी आल्याची उदाहरणे वेगळ्या ठिकाणी सापडतात. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आणि लिज्जतमध्ये लाटणारी प्रत्येक बहीण आजही सहमालक मानली जाते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कामातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था उभी राहिली. तिथल्या भागाची दर्शनी किंमत नगण्य आहे. पण दारोदारच्या सेवेचे शुल्क आणि भंगाराचे पैसे काम करणाऱ्याकडे येतात, मधल्या ठेकेदाराकडे जात नाहीत. माझ्या सोसायटीत सकाळी येणाऱ्या ताई त्यांच्या वाट्याच्या घरांना 'माझी लाइन' असा शब्द वापरतात, आणि त्या शब्दातली मालकी मला कोणत्याही भागपत्रापेक्षा कमी वाटत नाही.

धोका झाकून ठेवणे बरोबर नाही. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्समध्ये १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांनी बंद कारखाना हाती घेतला, काही वर्षे हिमतीने चालवला, आणि तरीही तो पुढे टिकला नाही. मोंद्रागोनमधील फागोर ही संस्था २०१३ मध्ये बुडाली, तेव्हा सभासदांनी त्यात गुंतवलेली रक्कमही गेली. नोकरी आणि बचत एकाच ठिकाणी असेल तर दोन्ही एकाच दिवशी जाऊ शकतात. म्हणून भाग हा पगाराच्या किंवा पीएफच्या बदल्यात कधीही स्वीकारू नये, तो त्यांच्या वर मिळावा, आणि कामगाराने त्यासाठी आपली साठवण मोडू नये, हे मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

हल्ली विचारायला मालकही येतात. गेल्या महिन्यात आमच्याच जुन्या गल्लीतील एका उद्योजकांनी मला कामगारांना भाग देण्याच्या योजनेचा मसुदा पाहायला बोलावले. बारा टक्के भाग न्यासाकडे, दर दोन वर्षांनी बाहेरच्या मूल्यांककाकडून किंमत, निवृत्ती, मृत्यू किंवा राजीनामा यांपैकी काहीही झाले तरी वर्षभरात रक्कम अदा करणे, हे सारे एका बैठकीत ठरले. अडले ते एकाच कलमावर. त्यांच्याकडे एकतीस कायम कामगार आहेत आणि एकोणीस कंत्राटी, त्यांतले सात जण आठ वर्षांहून जुने. त्या सात जणांना कायम केल्याशिवाय हा मसुदा नोंदवू नये, असे मी म्हणाले. ते बराच वेळ हजेरीपटाची पाने चाळत बसले आणि मग प्रत्येकाची रुजू झाल्याची तारीख मला लिहून द्यायला त्यांनी सुपरवायझरला आत बोलावले.