आमची वाटचाल : फ्रीज, शांतता आणि एक भूत

सिनेमांच्या आवाजाचं काम करणारी आमची कंपनी म्हणजे दोन भागीदार, एक भाड्याची खोली आणि भिंतींना चिकटवलेला फोम. सुरुवातीची वर्षं डबिंग, जाहिराती, माहितीपट, जे मिळेल ते केलं. कामं वेळेवर दिली, पैसे मात्र वेळेवर आले नाहीत. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

मग तो सिनेमा आला. एकटी राहणारी बाई आणि तिला सारखी घरात जाणवणारी, वारलेली बहीण. ते खरंच भूत की बाईच्या मनाचा खेळ, हे पटकथा शेवटपर्यंत सांगत नव्हती. फोलीपासून (पावलं, दारं असे आवाज स्टुडिओत वेगळे करून भरणं) मिक्सिंगपर्यंत (सगळे आवाज एकत्र बसवणं) आवाजाचं सगळं काम आमच्याकडे. आम्ही हरखलो, आणि पहिल्या वीस मिनिटांत होतं नव्हतं ते ओतलं. उलटे वाजवलेले श्वास, पत्र्यावर फिरवलेला व्हायोलिनचा बो, सेलरीचे दांडे मोडून काढलेला हाडांचा कडकडाट.

दिग्दर्शिकेने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "भूत आहे हे तुम्ही पाचव्या मिनिटालाच सांगून टाकलंत. आता पुढे मी काय दाखवू?"

रात्रभर राग धुमसत होता. सकाळी पटलं. मग एकच नियम केला : प्रत्येक आवाजाला घरात मालक हवा. नळ, जिना, बाईचा स्वतःचा श्वास, फ्रीज. ज्याला भूत ऐकायचंय त्याने भूत ऐकावं, ज्याला फ्रीज ऐकायचाय त्याने फ्रीज.

फ्रीजने तर आम्हाला तारलं. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे त्याची घरघर बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास असते; कान तिला काही क्षणांत विसरतो. स्वयंपाकघराच्या प्रसंगात ती आम्ही चार मिनिटं इतकी हळूहळू चढवली की कुणाच्या लक्षात येऊ नये. आणि बाई मागे वळणार तेवढ्यात कॉम्प्रेसर बंद. बस्स. पडद्यावर काहीच घडत नाही, पण पहिल्या खेळाला पुढच्या रांगेतल्या माणसाने मान वर करून छताकडे पाहिलं.

मधे १९ हर्ट्झचा नादही लागला होता. विक टँडी या इंग्लिश इंजिनिअरला प्रयोगशाळेत डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली, अंगावर काटा आला. शेगड्यात (व्हाइसमध्ये) अडकवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं, तेव्हा शोध लागला : नव्या एक्झॉस्ट फॅनमुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची, कानाला न ऐकू येणारी लहर उभी राहत होती. १९९८ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. अशा लहरीने भूत भासतं हे नंतरच्या प्रयोगांतून पक्कं ठरलं नाही, आणि बहुतेक थिएटरांचे सबवूफर (खोल आवाजांचे स्पीकर) इतके खाली नीट उतरतही नाहीत. आम्ही दोन दिवस घालवले आणि सोडून दिलं. डोकं दुखलं ते जागरणाने, असं माझं मत. भागीदाराचं वेगळं आहे.

खरी फजिती रूम टोनची. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. चित्रीकरणानंतर सगळ्यांनी मिनिटभर पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि तो टिपायचा. मुख्य खोलीचा टोन घ्यायचाच राहून गेला, सेट मोडला गेला. शेवटी संवादांमधले दोन-दोन सेकंदांचे तुकडे जोडत बसलो. एका तुकड्यात कुणाचा तरी गुडघा 'कट्' वाजला होता. लूपमध्ये तो दर अकरा सेकंदांनी वाजू लागला. मी काढून टाका म्हणत होतो, दिग्दर्शिका ठेवा म्हणाली. ठेवला. अजूनही मला ते खटकतं. परिचितांना मात्र नेमका तोच आवाज आठवतो.

तेव्हापासून रूम टोन घ्यायला आमच्यापैकी एक जण स्वतः सेटवर जातो. रेकॉर्डिंगआधी तिथला फ्रीज बंद करतो आणि पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून आपल्या गाडीची किल्ली आत ठेवतो. भागीदार एकदा रिक्षाने गेला होता. दूध नासलं, ते आम्ही भरून दिलं.