याब्लोनेत्सच्या बांगड्या

चेक प्रजासत्ताकाच्या उत्तरेला, लिबेरेत्सहून याब्लोनेत्सला अकरा नंबरची ट्राम जाते. अंतर बारा-एक किलोमीटर, पण ट्राम रमतगमत, झाडीतून, लोकांच्या परसदारांना खेटून जाते. वाटेत व्रातिस्लावित्से लागतं. मोटारींचा तो फर्डिनांड पोर्शे इथला. 1875 साली तो जन्मला तेव्हा गावाला माफर्सडोर्फ म्हणत, लिबेरेत्सला राइशेनबर्ग आणि याब्लोनेत्सला गाब्लोन्त्स. गावांची नावं बदलण्याचं आपल्याला काय कौतुक! इथे मात्र नावांबरोबर माणसंही बदलली.

मी आले होते काच बघायला. इथल्या काचेच्या आणि दागिन्यांच्या संग्रहालयात मण्यांच्या माळा बघत फिरताना एकदम थबकले. समोर बांगड्या होत्या. हिरव्या, लाल, सोनेरी नक्षीच्या, थेट आपल्या कासाराच्या पेटीतल्या. पहिल्या महायुद्धाआधी या डोंगरातून हिंदुस्थानात ढिगांनी बांगड्या जायच्या. त्या करणारे बहुतेक जर्मन बोलणारे, घरातच भट्टी आणि चरक मांडून बसलेले कारागीर. माझ्या पणजीच्या हातात कुणा गाब्लोन्त्सकराची काच असेलही.

मी उतरले होते त्या घराच्या मालकीणबाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या. आडनाव अस्सल जर्मन, पण शेवटी चेक बायकांचं ‘ओवा’ जोडलेलं. इथल्या दारांवरच्या पाट्या वाचत फिरा, अशी आडनावं बरीच दिसतात.

1930 च्या जनगणनेत चेक प्रदेशात 31 लाखांवर जर्मन होते, जवळजवळ तीस टक्के. त्यातल्या बहुसंख्यांनी 1935 मध्ये हेनलाइन या जर्मन पुढाऱ्याच्या पक्षाला मतं दिली; तो पुढे हिटलरला जाऊन मिळाला. 1938 मध्ये म्युनिकच्या करारात हा सीमाभाग हिटलरच्या पदरात पडला. पुढे 1942 मध्ये लिदित्से झालं, नाझींनी ते अख्खं चेक गाव पुसून टाकलं. हे सगळं आधी सांगायला हवं, नाहीतर 1945 नुसतंच अंगावर येतं. युद्ध संपलं आणि त्या उन्हाळ्यात इथल्या जर्मनांच्या दंडावर पांढरी पट्टी आली, ब्र्नोच्या बायका-मुला-म्हाताऱ्यांना पायी ऑस्ट्रियाकडे हाकललं, उस्तीच्या पुलावरून माणसं नदीत फेकली गेली. 1946 मध्ये हेच काम रीतसर सुरू झालं. मोजून दिलेलं सामान आणि मालगाडीचा डबा.

चेक लोक याला ‘ओदसुन’ म्हणतात, म्हणजे साधारण ‘हलवणं’. गेलेले लोक ‘हाकलणं’ म्हणतात. बाईंना मी सांगितलं, आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे आमची माणसंही वाढली.”

त्यांचे वडील काच-कारागीर, म्हणून राहू दिलं. निर्यात बंद पडायला नको होती! काही चेकांशी लग्न झालेले राहिले, काही हिटलरविरोधक. मावशी मात्र गेली. तिच्यासारख्या गाब्लोन्त्सकरांनी बव्हेरियात काउफबॉयरेनजवळ, दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर, नवं गाव वसवलं: नोयगाब्लोन्त्स, म्हणजे नवं गाब्लोन्त्स. तिथेही पुन्हा मणी आणि दागिनेच.

मला वाटत होतं, गोष्ट तिथे संपली. पण 1950 मध्ये उरलेल्या सुमारे 1 लाख 60 हजारांचंही पुढे पाणी ओसरतच गेलं. जर्मन शाळा नाहीत, नागरिकत्वाचा प्रश्न 1953 पर्यंत लोंबकळलेला. साठच्या दशकात दार किलकिलं झालं तशी तरुण पोरं पश्चिम जर्मनीला गेली. 2001 मध्ये आकडा 39,106 आणि 2011 मध्ये 18,658. बाईंच्या घरी जर्मन फक्त स्वयंपाकघरात चालायचं, तेही खिडकी लावून. त्यांच्या मुलाला ते समजतं, बोलता येत नाही. नात शाळेत परकी भाषा म्हणून शिकते आणि आजीच्या उच्चारांना हसते.

संध्याकाळी मी एकटीच स्मशानात जाऊन आले. जुन्या भागात आयव्हीच्या वेलीखाली दगड कलंडलेले. बोटांनी शेवाळ खरवडलं तेव्हा एक ओळ लागली: ‘हिअर रुट’, इथे विसावला आहे. नाव काही लागेना.

निघताना बाईंना विचारलं, 2021 च्या जनगणनेत राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात काय लिहिलंत?

“तो रकाना ऐच्छिक होता,” कॉफीचे कप विसळत त्या म्हणाल्या. “मी कोराच ठेवला.”