शिट्टीतला पंचम

बाबा रेल्वेत गार्ड होते. भुसावळच्या क्वार्टरमध्ये रात्री पडल्या पडल्या मी गाड्यांच्या शिट्ट्यांचे स्वर शोधायची. व्हायोलिनचा क्लास नुकताच लागला होता, कानाला दुसरा उद्योग नव्हता.

म्हणूनच असेल, अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं 'डिफरंट ट्रेन्स' ऐकलं आणि मी त्यातच राहिले. १९८८ साली क्रोनोस या चौकडीसाठी (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो) लिहिलेली ही रचना. राइश लहान असताना आईवडील वेगळे झाले. वडील न्यूयॉर्कला, आई लॉस एंजेलिसला. १९३९ ते १९४२ हा पोरगा सांभाळणाऱ्या बाईंबरोबर आगगाडीने इकडून तिकडे जात राहिला. पुढे त्याच्या मनात आलं, आपण ज्यू. त्या वर्षांत युरोपात असतो तर कुठल्या गाडीत बसवलं असतं आपल्याला?

मग त्याने त्या बाईंना बोलतं केलं, एका म्हाताऱ्या पुलमन पोर्टरला, म्हणजे स्लीपर डब्यातल्या सेवकाला, बोलतं केलं, आणि होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्यांच्या मुलाखती मिळवल्या. बोलण्याचे तुकडे कापले आणि त्यांतले स्वर लिहून काढले. बाईचा आवाज असेल तर व्हायोला, पुरुषाचा असेल तर चेलो तीच ओळ वाजवतो. चाल कुणी रचली नाही, ती बोलण्यातच होती! आपल्याकडेही प्रत्येकाच्या बोलण्याला हेल असतो, पण तो स्वरलिपीत उतरवावा असं मला कधी सुचलं नव्हतं.

ही चौकडी जन्मली तीही असंच काही ऐकून. व्हायोलिनवादक डेव्हिड हॅरिंग्टनने रेडिओवर संगीतकार जॉर्ज क्रम्बचं 'ब्लॅक एंजल्स' ऐकलं आणि १९७३ मध्ये क्रोनोस उभी केली. व्हिएतनाम युद्धाच्या काळातली ती रचना. तिच्यात जलतरंगासारखे पाणी घालून सुरात लावलेले काचेचे पेले आहेत, पण ते गजाने वाजवायचे. अंगावर काटा येतो.

'डिफरंट ट्रेन्स'मध्ये मला सर्वांत जास्त भिडतात त्या शिट्ट्याच. पहिल्या भागात अमेरिकेतल्या: लांब, षड्ज-पंचम, षड्ज-मध्यम अशा निवांत. दुसऱ्या भागात युरोपातल्या: आखूड, किंचाळणाऱ्या, सोबत सायरन.

गेल्या दिवाळीत बाबांना हेडफोन लावून दिला. कशाबद्दल आहे ते मुद्दाम सांगितलं नव्हतं, आणि त्यातलं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. दुसरा भाग सुरू झाला तसे ते ताठ बसले.

"ही गाडी वेगळी गं," म्हणाले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तिसरा भाग आम्ही दुसऱ्या दिवशी ऐकला.