दोन पल्स, एक वीज आणि आण्णांचं चलन

एमएस्सीला सेमिनारचा विषय निवडायचा होता, सगळ्यांनी सोलर सेल वगैरे घेतलं आणि मी उगाच शहाणपणा करून टिप घेतलं. ट्रान्स-आयनोस्फेरिक पल्स पेअर, म्हणजे ढगातल्या विजेचे जबरदस्त रेडिओ पल्स (क्षणभराचे झटके), जे सॅटेलाइटला जोडीनं सापडतात. मित्र म्हणाला, काय बे, हॉटेलातल्या टिपवर सेमिनार?

इतिहास पटकन झाला. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेवाल्यांनी एप्रिल १९९३ मध्ये अलेक्सिस सॅटेलाइट सोडला, खरं काम एक्स-रे बघायचं, पण त्यावर ब्लॅकबिअर्ड नावाचा रेडिओ रिसिव्हरपण होता. सोडतानाच सोलर पॅनेल मोडलं आणि कित्येक आठवडे संपर्कच नाही (तिथंच मला त्याची माया लागली). नंतर त्यालाच हे पल्स सापडले, एकेक काही मायक्रोसेकंदांचा (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) आणि दोघांत साधारण पन्नासेक मायक्रोसेकंदांचं अंतर. आयनोस्फियरमधून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून) जाताना कमी फ्रिक्वेन्सी मागं पडते म्हणून आकृतीत दोन वाकड्या रेघा दिसतात, ती आकृती मी पहिले दोन दिवस उलटी वाचली.

अडलो ते पुढं. दोन पल्स म्हणजे दोन विजा असं धरून मी स्लाइडपण बनवून टाकल्या. सर म्हणाले, मग दर वेळी जोडीच कशी रे? पाठोपाठ तिसरी वीज का नाही? गप्प बसलो. घरी येऊन आण्णांच्या चलनबुकातलं एक पान फाडून मागं चित्र काढलं, ढग, वर सॅटेलाइट, खाली जमीन. एक रेघ सरळ वर. दुसरी आधी खाली, जमिनीवर आपटून मग वर. वीज एकच, दुसरा पल्स तिचाच पडसाद! सॅटेलाइट बरोबर डोक्यावर असेल तर जादा रस्ता ढगाच्या उंचीच्या दुप्पट, १० किमी उंचीला २० किमी, भागिले सेकंदाला ३ लाख किमी, आले ६७ मायक्रोसेकंद. म्हणजे अंतर मोजलं की वीज किती उंचीवर झाली तेपण कळतं. १९९७ ला फोर्टे सॅटेलाइट गेला, त्यानं तर अशा घटना ढिगानं पकडल्या.

डेमोसाठी आण्णांचा जुना रेडिओ घेतला. पण आमच्या गावाच्या पूर्व भागात दिवसभर यंत्रमाग चालू, एएमवर नुसती खरखर, वीज कुठली आणि मोटार कुठली काही कळेना. एका संध्याकाळी वळीव आला, लाइट गेली, माग थांबले, आणि सेलवरच्या रेडिओत प्रत्येक चमकीला कर्रर्र! मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, यात जोडी का नाही ऐकू येत? म्हटलं सर, एक तर एवढं बारीक अंतर कानाला कळणारच नाही, आणि हा रेडिओ खूप खालच्या फ्रिक्वेन्सीचा, ते पल्स कितीतरी वरचे, २८ ते ९५ मेगाहर्ट्झमध्ये पकडलेले. जमिनीवरून आपटून वर जाणारा पडसाद खाली बसून कसा मिळणार, त्याला वरच जायला पाहिजे. ते हसले आणि पुढच्या पोराला बोलावलं.

चलन सेमिनारच्या फाइलला चिकटवलंय. आण्णा अजून विचारतात, त्या पानावरचा हिशोब कुठाय.