३८० ग्रॅमचं खोकं

दुपारचे साडेतीन वाजले होते. पिकअपची गाडी यायला तासभर होता. पॅकिंगच्या टेबलावरून ताईंनी हाक मारली, "दादा, हे बघा जरा. ही सुटी बॅटरी आहे ना? मग हिच्यावर विमानाच्या कुरिअरचं लेबल कसं?"

छोटंसं खोकं, काट्यावर ३८० ग्रॅम. बारकोड बरोबर, पत्ता बरोबर, कुरिअर तेवढा चुकीचा. सुटी, म्हणजे उपकरणाशिवायची लिथियम-आयन बॅटरी धोकादायक मालात मोडते; तिचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक यूएन ३४८०. ती प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं १ एप्रिल २०१६ पासून बंदी घातली आहे. मालवाहू विमानातून न्यायची तर चार्ज ३० टक्क्यांच्या आत हवा, शिवाय पॅकिंगचे आणि खुणांचे वेगळे नियम. आमची तशी तयारी नव्हती, म्हणून सुट्या बॅटऱ्या रस्त्यानेच पाठवायच्या असं ठरलं होतं. कुठल्या ऑर्डरला कुठला कुरिअर हे आमचं सॉफ्टवेअर रूल बघून आपोआप ठरवतं; त्यात तसा रूल मीच आदल्या संध्याकाळी लिहिला होता.

मी पळत स्क्रीनकडे गेलो. एकूण नऊ रूल. सॉफ्टवेअर ते वरून खाली वाचतं आणि पहिला जुळला की थांबतं. बॅटरीचा रूल मला उशिरा आठवला, म्हणून तो सातव्या जागी बसला होता. पहिला रूल होता: वजन ५०० ग्रॅमपर्यंत असेल तर सगळ्यात स्वस्त विमानाचा कुरिअर. हलक्या बॅटरीची ऑर्डर तिथेच अडकायची, सातव्यापर्यंत पोचायचीच नाही. बरं, मी चाचणी केली नव्हती असंही नाही. पण चाचणीला घेतला होता २ किलोचा बॅटरी पॅक. तो पहिल्या रूलला लागला नाही, सातव्यात जाऊन बरोबर बसला आणि मी निर्धास्त घरी गेलो. ही गोष्ट मला अजून टोचते.

आपोआप लेबल निघणं आधी बंद केलं. बॅटरीच्या ऑर्डरी गाळून काढल्या: १४. सहांची लेबलं छापून झाली होती, त्यातली दोन खोकी तोंड बांधलेल्या गोणीत. गोणी सोडून आम्ही दोघांनी एकेक खोकं तपासलं. मॅनिफेस्ट, म्हणजे कुरिअरला द्यायच्या खोक्यांची यादी, अजून बंद व्हायची होती, म्हणून लेबलं रद्द करता आली.

त्याच शोधात दुसरी चूक हाती लागली. एक मोठी लॅम्पशेड, तिलाही ५०० ग्रॅमच्या आतला कुरिअर! तिच्या नोंदीत वजनाचा रकानाच रिकामा होता आणि आमच्या सॉफ्टवेअरनं रिकाम्याला शून्य मानलं होतं. काट्यावर ती १.९ किलो भरली. खोकं ४० बाय ४० बाय ४० सेंटिमीटर. बरेच कुरिअर लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार ५००० ने भागून आकारमानाचं वजन काढतात आणि दोन्हींतलं जास्त असेल ते धरतात. इथे ते येतं १२.८ किलो. बिल आल्यावरच कळलं असतं.

संध्याकाळी रूलची मांडणी पुन्हा केली. जे पाठवताच येत नाही ते सगळ्यात वर. मग जिथे कुरिअर पोचत नाही ते पत्ते, मग आकारमान, आणि स्वस्त कोण हा प्रश्न त्यानंतर. वजन रिकामं असेल किंवा कुठलाच रूल जुळत नसेल तर लेबल निघणार नाही, ऑर्डर माणसासाठी थांबेल. चाचणीला या वेळी ४९९, ५०० आणि ५०१ ग्रॅमच्या ऑर्डरी घेतल्या, एक बिनवजनाची, आणि अर्थातच ती ३८० ग्रॅमची.

रस्त्याच्या कुरिअरचं नवं लेबल निघालं तसं मी ते जुन्यावरच चिकटवायला गेलो. ताईंनी हात धरला. "थांबा, कडेनं बारकोड दिसतोय. स्कॅनर कुठला वाचेल सांगता येत नाही." त्यांनी कटरनं कोपरा उचलला आणि जुनं लेबल सावकाश, पूर्ण सोलून काढलं.