अमेरिकेहून मुंबई, वाया वरुड : एका संकेतस्थळाच्या स्थलांतराचा वृत्तांत

वरुड तालुक्यातील आमच्या संत्रा उत्पादक गटाचे संकेतस्थळ गेली सहा वर्षे मी सांभाळतो. सप्टेंबरातील दुसऱ्या शनिवारी रात्री ते अमेरिकेतील सर्व्हरवरून मुंबईच्या सर्व्हरवर नेले. दोन रात्रींत काम उरकेल असे मला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात गाडी रुळावर यायला साडेसात आठवडे लागले, आणि झालेले सगळे हाल एकाच टप्प्यावर झाले. याच वाटेने निघालेल्यांसाठी हे लिहीत आहे. डीएनएसची नोंद (संकेतस्थळाचे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगणारी) कुठे बदलतात, बॅकअप परत कसा चढवतात आणि सर्च कन्सोल (आपले संकेतस्थळ गुगलला कसे दिसते ते दाखवणारी गुगलची सोय) कसे वाचतात एवढे ज्यांना येत नाही त्यांनी आधी ते शिकावे, कारण वाटेत कोणी शिकवत नाही.

निघण्याचे कारणच मुळात चुकीचे होते. नागपूरच्या एका होस्टिंग विक्रेत्याने, म्हणजे सर्व्हरवरची जागा भाड्याने देणाऱ्याने, छातीठोकपणे सांगितले, "काकाजी, सर्व्हर मुंबईत आला की संत्र्याची कलमं म्हटल्याबरोबर गुगलात पहिलं नाव तुमचंच." मी विश्वास ठेवला. सर्व्हर कोणत्या देशात आहे याकडे गुगल एक दुय्यम खूण म्हणून पाहते आणि तिला निर्णायक मानत नाही, कारण असंख्य संकेतस्थळे सीडीएनवरून, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरांवरून, चालतात. आमचा पत्ता तर 'डॉट इन'ने संपतो, आणि देशाच्या बाबतीत ती खूण सर्व्हरच्या जागेपेक्षा कितीतरी ठळक आहे. थोडक्यात, गुगलला जे आधीच ठाऊक होते तेच पुन्हा सांगण्यासाठी मी अठरा हजार रुपये मोजले.

या अठरा हजारांतील तीन बाबी इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढच्याने बिल वाचताना त्या खोडाव्यात. 'इंडिया टार्गेटिंग सेटिंग'चे दीड हजार : सर्च कन्सोलमधील देश निवडण्याची सोय गुगलने २०२२ मध्येच बंद केली, त्यामुळे हे पैसे नेमके कशाचे घेतले ते मला आजही कळलेले नाही. स्वतंत्र आयपी पत्त्याचे (सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकाचे) चोवीसशे : एकाच पत्त्यावर अनेक संकेतस्थळे असणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि त्यामुळे गुगलातला क्रमांक घसरत नाही. एसएसएल (सुरक्षित जोडणीच्या) प्रमाणपत्राचे साडेतीन हजार : लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे प्रमाणपत्र फुकट मिळते, नव्वद दिवसांचे असते आणि एकदा बसवून दिले की आपोआप नवे होत राहते. ही उघड लूट आहे, आणि मी ती हसत हसत होऊ दिली.

वेगात मात्र खरा फरक पडला, हे मान्य करायला हवे. इथून अमेरिकेला जाऊन परत येण्यात संदेशाचे दोनशे मिलिसेकंदांहून अधिक जात, आणि सुरक्षित जोडणी जुळून पानाचे पहिले अक्षर येईपर्यंत अशा तीन-चार फेऱ्या होतात. मुंबईची एक फेरी तीस-चाळीस मिलिसेकंदांत होते. बांधावर उभे राहून मोबाइल उघडणाऱ्याला हे जाणवते. वेगाचा विचार गुगल डेस्कटॉपसाठी २०१० पासून आणि मोबाइलसाठी जुलै २०१८ पासून करते, पण मजकूर कामाचा आहे की नाही यापुढे त्याचे वजन कमीच आहे. शिवाय गुगलच्या कसोटीत पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसणे महत्त्वाचे मानले जाते, आणि आमच्या पहिल्या पानावर संत्र्याने लगडलेल्या झाडाचे चार एमबीचे छायाचित्र होते. ते दोनशे केबीचे केल्यावर जेवढा फरक पडला तेवढा मुंबईने पडला नाही, आणि ते काम अमेरिकेत बसूनही फुकटात झाले असते.

फायली आणि डेटाबेस नेण्याचे दोन दिवस सुरळीत गेले. त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. डीएनएस नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ जपून वापरायची ती मुदत, आठवडाभर आधी पाच मिनिटांवर आणला होता, एवढे केले की हा टप्पा सोपा आहे.

आता त्या वाईट टप्प्याविषयी. नोंद बदलल्यावर वरुड, मोर्शी, नरखेड, जिथून विचारले तिथून संकेतस्थळ झटकन उघडत होते, आणि मी गटाच्या बैठकीत काम फत्ते झाल्याचे सांगूनही टाकले. आठवड्याभरात चौकशीचे फोन रोडावले. आंबिया बहाराची तोड तोंडावर आलेली, आणि गुगलवर आमची पाने एकेक करून दिसेनाशी होत होती. विक्रेत्याच्या मदतकेंद्राने "गुगलचं अपडेट आलं असेल, मजकूर बदलून पाहा" असे सांगितले, म्हणून मी आठ रात्री कलमांच्या पानांचा मजकूर बदलत बसलो. मग एसटीने नागपूर गाठले. विक्रेत्याकडच्या मुलाने स्वतःच्या मोबाइलवर संकेतस्थळ उघडून दाखवले आणि चहा पाजून परत पाठवले.

शेवटी पुतण्याने विचारले, "काका, लाइव्ह टेस्ट काय म्हणते?" सर्च कन्सोलमधून गुगलला आपले पान त्याच क्षणी उघडून पाहायला लावणारी ही चाचणी मी केलीच नव्हती. केली, तर उत्तर आले ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. नव्या सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणाला आत घ्यायचे ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्यात, सुरक्षेच्या नावाखाली भारताबाहेरचे सगळे पत्ते बंद होते, आणि गुगलबॉट, म्हणजे पाने वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम, येतो तो मुख्यतः अमेरिकेतील पत्त्यांवरून. गुगलच्या जवळ जाण्यासाठी घर बदलले आणि त्याच्याच तोंडावर दार लावले! ४०३ मिळत राहिले की पान आता उपलब्ध नाही असे धरून गुगल ते यादीतून काढते. त्यापेक्षा संकेतस्थळ दिवसभर ५०३, म्हणजे 'सध्या सेवा बंद', असे उत्तर देत बंद असते तरी परवडले असते, कारण तो अडथळा तात्पुरता मानला जातो. अर्थात तेही बरेच दिवस चालले तर पाने गळतातच.

दुरुस्तीला चार मिनिटे लागली. हे अठराव्या दिवशी घडले. पाने परत यायला आणखी पाच आठवडे गेले. पहिले पान दोन दिवसांत आले, कलमांची पाने सर्वांत शेवटी, आणि तोवर ऑक्टोबर हातचा गेला होता.

म्हणून नोंद बदलल्याच्या त्याच रात्री, झोप कितीही अनावर झाली तरी, सर्च कन्सोलमध्ये पहिले पान आणि आतले एखादे पान यांची लाइव्ह टेस्ट करावी आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदवहीत, गुगलबॉटला २०० (पान नीट मिळाले) हा आकडा मिळतो आहे ना ते डोळ्यांनी पाहावे. स्वतःला गुगलबॉट म्हणवणारा प्रत्येक जण खरा नसतो. त्याच्या आयपी पत्त्याचा उलट शोध घेतल्यावर, म्हणजे पत्त्यावरून नाव शोधल्यावर, ते नाव 'गुगलबॉट डॉट कॉम' किंवा 'गुगल डॉट कॉम' यांनी संपले पाहिजे. स्थलांतरानंतर काही दिवस गुगलबॉटच्या फेऱ्या कमी होतात, तेवढ्याने घाबरू नये.

हे काम बहाराच्या तोंडावर करू नये, एप्रिल-मे बरा. त्याच वेळी पानांचे पत्ते (यूआरएल) आणि मांडणी बदलण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. पत्ते बदलणे भागच असेल तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच्याच नव्या पत्त्याकडे ३०१, म्हणजे कायमचे वळण, लावून ते किमान वर्षभर ठेवावे. जुन्या सर्व्हरचे भाडेही एक महिना जास्तीचे भरून ठेवावे. आमच्या जुन्या लॉगमध्ये दहाव्या दिवसापर्यंत कोणी ना कोणी येतच होते.