सीट बेल्टचे चलान आणि डॅशबोर्डचा खण

गेल्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन मी रत्नागिरीहून देवरुखला निघाले होते. मागच्या सीटवर आंब्याच्या दोन पेट्या होत्या, शेजारी सासूबाई होत्या आणि आम्हा दोघींचेही पट्टे लावलेले होते. महामार्गावरच्या एका तिठ्याशी शिट्टी वाजली, तशी मी गाडी कडेच्या मातीवर घेतली. गणवेशातील पोलिसाने कागद मागितले. आमचे कागद डॅशबोर्डच्या खणात, म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्यांपुढे असतात. तिथवर हात पोहोचावा म्हणून मी पट्टा सोडला, वाकले, आणि त्याच वेळी समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या पोलिसाने फोटो काढला.

"मॅडम, सीट बेल्ट नाही."

मी काही बोलण्याआधी सासूबाईच म्हणाल्या, "अहो साहेब, तुम्ही कागद मागितलेत म्हणून पट्टा सोडलान तिने, आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत!" त्यावर कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने, इथल्या इथे मिटवायचे असेल तर बघा, असे सुचवण्यात आले. पावती मिळेल का, असे मी विचारल्यावर मात्र ती सूचना विरून गेली आणि काही मिनिटांतच मोबाइलवर ई-चलानाचा संदेश आला. दंडाची रक्कम मागच्या सीटवरच्या एका पेटीच्या भावापुढे किरकोळ होती, हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढचा सगळा खटाटोप पैशांसाठी केला असे कोणाला वाटू नये.

घरी आल्यावर शेजारच्या वकीलकाकांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पैसे भरून मोकळी नाही ना झालीस गो?" हा प्रश्न पहिला का, हे मला तेव्हा कळले नाही. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 200 नुसार ठरावीक गुन्ह्यांत राज्य सरकारने अधिसूचित केलेला अधिकारी ठरलेली रक्कम घेऊन प्रकरण न्यायालयात न नेता मिटवू शकतो. म्हणजे आपण ज्याला दंड भरणे म्हणतो ती खरे तर तडजोड असते. तडजोड झाली की प्रकरण संपते आणि मग फोटो चुकीचा होता, असे सांगण्यास जागाच उरत नाही. तोवर चलान हा केवळ आरोप असतो. पोलीस आरोप करतो, निवाडा करत नाही, ही साधी गोष्ट मीही इतकी वर्षे गाडी चालवून विसरले होते.

लोकअदालतीचे काय, असे मी विचारले, कारण 2021 च्या सप्टेंबरमध्ये थकीत चलानांसाठी लोकअदालतीच्या नोटिसांचे संदेश राज्यभर गेले होते आणि आमच्या ओळखीतील कित्येकांनी त्या धसक्याने पैसे भरले होते. काकांचे म्हणणे असे की, चूक मान्य असेल तर ती वाट चांगली, परंतु तिथेही तडजोडच होते आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. चूकच मान्य नसलेल्या माणसाने तिथे जाऊन काय करायचे? न्यायालयाचे समन्स आलेच, तर कलम 208 नुसार त्यात गुन्हा कबूल असल्याचे पत्र रक्कमेसह टपालाने पाठवण्याची सोय दिलेली असू शकते, आणि घाईघाईत माणसे तीच सोय स्वीकारतात, असेही त्यांनी बजावले.

मग आम्ही ई-चलानाच्या पोर्टलवरून तो फोटो उतरवून घेतला व मोठा करून पाहिला. माझ्या छातीवर पट्टा नाही, हे खरेच होते. पण खण उघडा होता, त्याचे झाकण सासूबाईंच्या गुडघ्यांवर टेकले होते, माझा डावा हात खणात होता, आणि गाडीची दोन्ही डावी चाके डांबराबाहेर मातीवर होती. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 138(3) सांगतो की, वाहन चालू असताना, म्हणजे गतीत असताना, चालकाने पट्टा लावलेला असला पाहिजे. (मागे समोर तोंड करून बसणाऱ्यांनाही तो लागू आहे, ज्याचा आपल्याकडे सर्वांना सोयीस्कर विसर पडतो.) आमच्या फोटोतील गाडी गतीत नव्हती. दोन मिनिटांपूर्वी मी पट्टा लावला होता, हे त्या फोटोवरून सिद्ध होत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु लावला नव्हता, हेही त्यावरून सिद्ध होत नव्हते, आणि आरोप माझ्यावर होता.

मी आधी वाहतूक पोलिसांच्या ॲपवरच तक्रार नोंदवली. काही दिवसांनी ती एका ओळीत फेटाळण्यात आली: फोटोत सीट बेल्ट दिसत नाही. हे वाक्य तर मीही नाकारत नव्हते! तेव्हा एक दिवसाची किरकोळ रजा टाकून लेखी अर्ज घेऊन वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात गेले. काकांच्या सांगण्यावरून अर्जाच्या दोन प्रती केल्या होत्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. सोबत फोटोची मोठी प्रत, नियमाचा मजकूर आणि सासूबाईंचे सहीचे निवेदन जोडले. ते निवेदन सासूबाईंनी तीन वेळा लिहिले, कारण पहिल्या दोन मसुद्यांत आंब्यांचा भाव आणि त्या पोलिसाचे वय हेही आले होते.

शिक्का मिळाला, उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर होते. तिसऱ्या खेपेला भेटलेल्या अधिकाऱ्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि शेजारी बसलेल्या बाई कोण, असे विचारले. सासूबाई असल्याचे मी सांगितले.

"त्यांचा पट्टा लावलेला आहे."

"हो. मीच लावून दिला होता."

त्यावर ते किंचित हसले, अर्जाच्या कोपऱ्यावर काहीतरी लिहिले आणि बघतो, एवढेच म्हणाले. नियम 138(3) मी खास पाठ करून गेले होते, तो त्यांनी वाचला की नाही, कोण जाणे.

या सगळ्यात मला सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे पुरावा तयार होण्याची वेळ. अर्ज, शिक्के, खेपा हे सर्व नंतरचे आहे. प्रकरणाचा निकाल त्या कडेच्या मातीवर, मी वाकले त्या दोन सेकंदांत जवळजवळ लागून गेला होता. आता मी लायसन आणि आरसी मोबाइलमधील डिजिलॉकरमध्ये ठेवते. 2018 मध्ये सुधारलेल्या नियम 139 मुळे कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवलेले चालतात, त्यामुळे खणाकडे वाकावे लागत नाही. आणि कोणी लायसन जप्त करू लागलेच, तर कलम 206 प्रमाणे त्याची तात्पुरती पोच देणे त्याच्यावर बंधनकारक आहे, हेही आता मला ठाऊक आहे.

चलान रद्द झाल्याचे पत्र आले नाही. पावसाळा सुरू झाल्यानंतर एका सकाळी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून पाहिला, तेव्हा त्यावर एकही थकीत चलान दिसले नाही. त्या पानाची प्रत काढून, आवक शिक्क्याच्या अर्जाला टाचून, मी ती त्याच खणात ठेवून दिली आहे.